टिंबापुढचा आकडा

बर्गन,
१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय टोर्लाइफ,

अनेक आशीर्वाद. इकडे पाऊस आहे, म्हणजे नेहमीसारखंच. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. सोमवारी तुझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे, असं तुझ्या शेजारच्या ओड्नीकडून कळलं. बोट विकून टाक म्हटल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. नको घेऊस. हे पत्र मात्र वाच. ओड्नी छापून आणून देईल, आणि तू संपवेपर्यंत दारातून हलणार नाही. तशी तिला ताकीद आहे.

माझं काम काय, असं तू नेहमी खवचटपणे विचारतोस. देशभरच्या दवाखान्यांत पेशंटची माहिती एकाच साच्यात भरतात. तो साचा आम्ही डॉक्टर-नर्स मंडळी मिळून, गावकीच्या श्रमदानासारखा घडवतो. साचा बदलला की त्याचा आकडा बदलतो. मोठा बदल असेल तर पुढचा पूर्ण आकडा, मग प्रत्येक दवाखाना तपासून घेतो. किरकोळ असेल तर टिंबापुढचा, तो आपोआप आत शिरतो.

इथवर लिहून मी उठले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊन आले.

ॲलर्जीच्या साच्यात रिकाम्या जागेचा अर्थ होता ‘विचारलेलं नाही’. नव्या साच्यात तिथे ‘ॲलर्जी नाही’ असं दिसतं. बैठकीत मी पूर्ण आकडा मागितला, तर डॉक्टर आयविन म्हणाला, “गुनवोरताई, तुम्ही स्वल्पविराम हलवला तरी पूर्ण आकडा मागाल.” सगळे हसले. मीही हसले आणि दुसरं वॉफल घेतलं. आमच्यात गप्प बसला तो ‘हो’ म्हणाला असं धरतात. बदल टिंबापुढचा ठरला आणि सगळीकडे आपोआप शिरला.

काल दुसऱ्या गावात एका बाईंना नको ते औषध दिलं गेलं. त्या अजून शुद्धीवर नाहीत. आता आयविन हसत नाही. जुना साचा परत बसवा म्हणून सगळीकडे कळवलंय. सोमवारपर्यंत तुमच्याकडे बसेलच, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

टोर्लाइफ, तुझी जागा रिकामी आहे. मला ठाऊक आहे, कारण तू कधी कोणाला सांगितलंच नाहीस. लहानपणी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेऊन तू निळा पडलास, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आई ते बजावत राहिली, पण “आईला लाट दिसली तरी ती वादळ म्हणायची,” असं म्हणून तू उडवून लावतोस. ऑपरेशनआधी शिरेतून देतात ते औषध त्याच्याच भाऊबंदांतलं असतं.

तुझ्या वॉर्डात फोन केला. नर्स भली होती. म्हणाली, “लिहून ठेवते हो, पण पेशंट स्वतः ‘काही नाही’ म्हणाला, तर डॉक्टर त्याचंच धरतील.”

आणि तू तेच म्हणशील. छाती काढून म्हणशील. त्याचीच मला भीती वाटते रे.

बोट ठेव. मला शिव्या दे. पण सोमवारी जो कोणी विचारेल त्याला सांग, आणि कोणी विचारलं नाही, तर सुई धरणाऱ्याला थांबवून सांग.

ओड्नीजवळ नुसतं ‘सांगतो’ म्हण. ती कळवेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसलेली,

तुझी थोरली बहीण
गुनवोर