फळ्यावरचा न्यूमन

शनिवार, ११ ऑगस्ट १९५१

पाच! पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले. आमच्या पोर्टकेर्न क्लबचा फुटबॉल हंगाम सुरू झाला म्हणायचा.

बाबा नेहमीप्रमाणे माझ्या गोलच्या मागे, कठड्याला टेकून. मध्यंतरात बाजू बदलली की तेही गर्दीबरोबर चालत पलीकडे येतात — सुटका नाही! उमेदीची वर्षं मासेमारीत गेली, त्यामुळे टोमणेही त्यातलेच. "बर्ट्या, चेंडू तू पकडायचास रे, जाळ्याने नाही!" तिसऱ्या गोलनंतर म्हणाले, "नाक खाजवून झालं असेल तर चेंडूकडे बघ!" गोल-किक मारायच्या आधी माझा हात नाकाकडे जातो खरा. पण ते काय गावभर ओरडायचं? लोक फिदीफिदी हसले. आमचा फुलबॅक गस तर पोट धरून खाली बसला. तेवढ्यात चौथा गेला.

घरी इनाने विचारलं, "किती?" मी पंजा दाखवला.

"आकडा सांगतोयस की टाटा करतोयस?"

असली बायको!

रविवार, १२ ऑगस्ट

चर्चमध्ये पाद्रीबुवांनी "ज्यांच्या हातून सगळंच निसटतं त्यांच्यासाठी" प्रार्थना केली. डोळे मिटलेले होते, पण तोंड माझ्याकडे.

शनिवार, १३ ऑक्टोबर

तीन खाल्ले. आजही सॉसेज नाही.

आमचे अध्यक्ष लोरिमरसाहेब खाटीक. सामना एकही गोल न खाता संपला की ते स्वतः मैदानात उतरतात आणि गोलकीपरच्या गळ्यात सॉसेजची माळ घालतात. त्यांच्या आजोबांपासूनची पद्धत. मटण अजून रेशनवर, त्यामुळे सगळ्या गावाचा त्या माळेवर डोळा. माझ्या गळ्यात शेवटची पडली त्याला वर्ष उलटून गेलं. पूर्वी फाटकाबाहेर कुत्री माझी वाट बघायची. आता तीही येईनाशी झालीत.

मंगळवार, १ जानेवारी १९५२

नववर्षाचा सामना, शेजारच्या बाल्डूनीशी. अर्धं गाव काल रात्रीपासून प्यायलेलं. आमचे दोन फॉरवर्डसुद्धा. तरी शेवटपर्यंत बरोबरी होती! आणि मग एक साधा, हळू, घरंगळत आलेला चेंडू माझ्या दोन पायांमधून आत गेला.

गोल होताच बाबा कठडा सोडून फाटकाकडे चालू लागले. ते जास्त वाईट. घरी जाताना वाटेत म्हणाले, "तुझ्या वयाला मी बोट विकून टाकली होती."

जिवाला लागलं. सोळा वर्षं हा माणूस माझ्या पाठीशी उभा आहे, आणि एकदाही — एकदाही! — "बरा खेळलास" म्हणालेला नाही. मला कप नको, काही नको. तेवढं ऐकलं की बूट खुंटीला टांगायला मी मोकळा.

शनिवार, १२ एप्रिल

पेट्रीने मला बॉयलरच्या खोलीत नेलं. पेट्री म्हणजे आमचा मॅनेजर, प्रशिक्षक आणि मालिशवाला, तिन्ही एकच. तोंड पाडून म्हणाला, "बर्ट, पुढच्या शनिवारी गोलमध्ये एक नवा पोरगा आजमावतोय."

"कोण?"

"न्यूमन."

हे काय उत्तर झालं? आजमावायला आणलेला प्रत्येक जण संघाच्या फळ्यावर न्यूमनच, म्हणजे नवा माणूसच, असतो! खरं नाव लिहिलं तर दुसरे क्लब पळवतात, म्हणून सगळीकडे तीच चाल. पोरगा बरा निघाला तर पुढच्या हंगामाला कोणाला ठेवायचं त्या यादीत मी नाही.

इनाला सांगितलं. तिने पुढ्यात सूप ठेवलं आणि एकही टोमणा मारला नाही. तेव्हा कळलं, प्रकरण गंभीर आहे.

शनिवार, १९ एप्रिल

अजून चिखलही धुतलेला नाही. पण लिहितोच!

दुपारी घरी बसून बटाटे सोलत होतो — मैदानाकडे फिरकायचंच नाही असं ठरवलेलं. एवढ्यात गस धापा टाकत दारात. "चल! न्यूमन आलाच नाही!"

समुद्रावरून असलं धुकं आलं होतं की गसला आमचं दार तिसऱ्या खेपेला सापडलं. पेट्री घामाघूम. त्याने लोरिमरसाहेबांना "हिरा आणतोय" म्हणून सांगून ठेवलेलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "फळ्यावर न्यूमन लिहून झालंय, तेव्हा तूच न्यूमन. टोपी खाली ओढ. बोलू नको. आणि देवाच्यान, नाक खाजवू नको!"

"पण साहेब मला ओळखतात की!"

"स्टँडमधून त्यांना स्वतःचे गुडघे दिसत नाहीयेत."

मग काय! गस अदबीने हात पुढे करून म्हणाला, "या न्यूमनसाहेब, आमचं गाव आवडलं का?"

आणि मी खेळलो. देवा, काय खेळलो! बर्ट स्वँकी असतो तर मागच्या पाच गोलांची आठवण झाली असती. न्यूमनला कसली आठवण? धुक्यातून चेंडू अचानक समोर यायचा आणि विचार करायच्या आत हातात असायचा. शेवटच्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात आडवी उडी मारून एक बाहेर काढला. पाठीमागे धुक्यात कोणीतरी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतं. एकदा, फक्त एकदाच, सवयीने हात नाकाकडे गेला. कोणाला दिसलं नसावं.

एकही गोल नाही! न्यूमनला गाडी पकडायची आहे सांगून पेट्रीने मला मागच्या दाराने पळवलं. सॉसेजची माळ कागदात गुंडाळून नंतर पोचती केली. इनाने ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघितली.

रविवार, २० एप्रिल

खरा न्यूमन सापडला! धुक्यात बसमधून चुकून बाल्डूनीला उतरला. फाटकावर "मी न्यूमन" म्हणाला. त्यांचाही एक न्यूमन यायचा होता, त्यांनी याला शर्ट दिला आणि विंगला, पुढच्या फळीत, उभा केला. पठ्ठ्याने गोल मारला! आता ते त्याला सोडत नाहीत.

चर्चबाहेर लोरिमरसाहेबांनी माझा खांदा थोपटला. "तो न्यूमन बघायला हवा होतास, बर्ट. शिकला असतास काहीतरी."

दुपारी बाबा जेवायला. बशीत सॉसेज. कुठून आली विचारतील या धास्तीने मी हवेचा विषय काढला. विचारलं नाही. आणखी एक मागून घेतलं आणि सुरू झाले, "त्याला म्हणतात गोलकीपर! हात बघितलेस? चेंडू चिकटतो नुसता! आणि ती शेवटची उडी — सोळा वर्षांत असं काही बघितलं नाही. काटा आला अंगावर."

इना ऍप्रनचा बोळा तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते त्या न्यूमनला मिळाले! त्याचा गळा दाबावासा वाटला. मग आठवलं, गळा माझाच आहे.

बुधवार, २३ एप्रिल

यादी लागली. न्यूमनला ठेवायचं. स्वँकीला सोडायचं. माझीच जागा मी घालवली!

शुक्रवार, २५ एप्रिल

संध्याकाळी न्यूमनची सही. पेट्री म्हणाला, "मी सांगू शकत नाही, माझी नोकरी जाईल. तूच बघ." ठेवणीतला सूट घालून समितीच्या खोलीत गेलो.

"तू कशाला आलास?" लोरिमरसाहेब वैतागले. "आम्ही न्यूमनची वाट बघतोय."

"हजर आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेट्रीकडे बघितलं. पेट्री छताकडे बघत होता. साहेबांचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या कलेजीच्या रंगाचा झाला. पण करतात काय? हा हिरा आपण स्वतः, आपल्या नजरेने हेरला, असं त्यांनी कालच वर्तमानपत्राला सांगितलेलं!

कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "न्यूमन कॅनडाला गेला. समजलं? म्हणून नाइलाजाने तुला आणखी एक वर्ष ठेवतोय. ह्यातलं अवाक्षर कोणाजवळ काढायचं नाही, घरच्यांजवळही नाही. कर सही." मी केली. मग साहेब हळूच, "आणि माझी सॉसेज?"

"संपली, साहेब."

रविवार, २७ एप्रिल

बाबा जेवायला आले होते. न्यूमन कॅनडाला गेला म्हणून सांगितलं. "हं," म्हणाले. जेवले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्र टाकशील तेव्हा त्याला कळव, फार छान खेळलास म्हणावं. आणि ते नाक खाजवणं आता तरी सोड म्हणावं — अगदी पाळण्यात असल्यापासूनची खोड आहे त्याची."