आत्याच्या ओव्या, फायनल-३

१८ जानेवारी, रविवार
निर्णय झाला. सारजा आत्याच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग मी स्वतः करणार. घरच्या कॉम्प्युटरवर, स्टुडिओच्या तोडीचं.

आत्याच्या गळ्यात गाठ आहे. २९ तारखेला ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीवाला धोका नाही, पण आवाजाची खात्री देत नाही. आणि १९ फेब्रुवारीला आमच्या लेकीची, संस्कृतीची, हळद. आमच्या भावकीत हळदीचं जातं फिरलं की पहिल्या ओव्यांत देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलवायचं, मगच नवरीला हळद. ही सगळी नावं, त्यांचा क्रम, चाल, आता एकट्या आत्याला येते. म्हणजे वेळ थोडा आहे. पण माणूस योग्य आहे.

मेघा म्हणाली, फोनवर करा की, दोन मिनिटांचं काम. बायकोशी तांत्रिक विषयावर वाद घालायचा नाही असं ठरवलं.

२० जानेवारी, मंगळवार
माईक आला. काळा, जड, स्टँडसकट. टेबलावर ठेवल्याबरोबर खोलीला एक दर्जा आला. खिडकीला दोन गोधड्या ठोकल्या. संस्कृती म्हणाली, पप्पा, भूकंप येणारे का.

चाचणी घेतली. 'हॅलो, मी नानासाहेब बोलतोय.' आवाज भारदस्त. मागं थोडी हम्म अशी घरघर आहे. किरकोळ. संपादनात काढता येते.

पुढं लग्नाकार्यात लोक मलाच बोलावतील असं दिसतंय. संपूर्ण पुंडलिकनगरात हे काम जाणणारं कोणी नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
पैठणच्या एसटीनं आत्या आली. घसा बसलेला, पण गाते तेव्हा मोकळा होतो. खुर्चीत बसवून माईकसमोर गा म्हटलं तर गप्प. म्हणाली, जात्याबिगर मला एक बी ओवी आठवत नाय रे नाना, हात फिरला की तोंड चालतंय.

मुकुंदवाडीच्या रामकिसन मामांकडून रिक्षात घालून जातं आणलं. मी सुचवलं, धान्य न टाकता नुसतं फिरव, आवाज कमी येईल. आत्या अशी बघायला लागली जणू मी शिवी दिली. रिकामं जातं फिरवतात व्हय कुठं? गहू टाकले. घरघर दुप्पट.

मेघाला जवळ बसून शिकायचं होतं. तिच्या बांगड्या वाजतात म्हणून बाहेर पाठवलं.

तासभर गाणं झालं. नंतर ऐकलं तर कॉम्प्युटरचा पंखा ठणठणीत आणि आत्या कुठंतरी विहिरीत. शोध घेता कळलं, प्रोग्राम माझा माईक ऐकतच नव्हता. वेबकॅममधला फुटाण्याएवढा माईक ऐकत होता. म्हणजे मंगळवारचा तो भारदस्त आवाज वेबकॅमचा. हा निव्वळ सेटिंगचा प्रश्न. माझी चूक म्हणता येणार नाही. अनुभव वाढला.

२४ जानेवारी, शनिवार
आत्याला परत बसवलं. आज माईक खरा. पण गल्लीत भंगारवाला स्पीकर लावून आला, शेजारी कुकर लागला. प्रत्येक वेळी मला थांबवावं लागलं. आत्या, थांब. आत्या, तोंड इकडं. आत्या, दम आवाज न करता घे. दिग्दर्शन कोणी तरी करायलाच पाहिजे.

देव झाले, मग गेलेली माणसं सुरू झाली. मधेच एका नावावर तिचा आवाज एकदम चढला आणि पडद्यावरची आवाज मोजायची पट्टी लाल. मी ओरडलो, लाल झालं, परत घे. आत्या म्हणाली, परत घेणार नाय. एकदा बोलावल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवत नसतात, त्याला वाटतं आधी विसरलेच होते. आणि पुढच्या नावावर गेली.

कलावंतांचे नखरे. ते नाव संपादनात उचलून घेईन.

मेघाला आजही बाहेर ठेवलं. तिनं फक्त गव्हाचा डबा आत आणून ठेवला आणि गेली. बाई हल्ली फार समजूतदार वागते.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. संपादनाला प्रारंभ. जात्याची घरघर काढायची. प्रोग्रामला आधी नको असलेल्या आवाजाचा नमुना दाखवायचा, मग तो तसला सगळा आवाज पुसतो. सोपं आहे. मी एक तुकडा दाखवला आणि बटण दाबलं.

जातं स्पष्ट. आत्या गायब.

मी दाखवलेल्या तुकड्यात आत्या गुणगुणत होती असं दिसतं. कॉम्प्युटरनं तिलाच कचरा समजून पुसलं.  सुदैवानं मागं जायचं बटण असतं. गेलो. आत्या परतली. लगेच उठून दोन कप चहा घेतला, चहाची वेळच झाली होती.

'आत्या-फायनल' नावानं फाईल ठेवली. मग सुधारून 'फायनल-२'. मग आणखी सुधारून 'फायनल-३'. आता आत्या टाकीत बसून गातेय असं वाटतं, पण जातं जवळजवळ नाही. मेघा म्हणाली, ह्या आत्याबाई नाहीतच. तिला अजून कान तयार झालेला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
कॉम्प्युटर म्हणतो जागा संपली. साफसफाई केली. फायनल-३ च्या शेजारी प्रोग्रामनं न विचारता एक डेटा नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं. आत शेकडो बारीक तुकडे, एकालाही धड नाव नाही. हा पसारा कोण ठेवणार? उडवला. आधीच्या मूळ फायली, त्याही उडवल्या, दोन-दोन प्रती ठेवणं हे अविश्वासाचं लक्षण. कचरापेटीही रिकामी केली. मशीन फुलासारखं हलकं.

फायनल-३ पेन ड्राईव्हवर घेतली. डोळा मिटायच्या आत कॉपी झाली. चांगलं संपादन झालं की फाईल किती लहान होते बघा.

काम संपलं. आता मन शांत.

२९ जानेवारी, गुरुवार
ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, कुजबुजण्यापुरता येईल कदाचित, गाण्याचा नाही.

आत्या शुद्धीवर आली तेव्हा तिनं मला हातानं जातं फिरवून दाखवलं आणि भुवया उडवल्या. मी खिशावर थाप मारली. पेन ड्राईव्ह खिशातच होता. तिनं डोळे मिटले. मला फार भरून आलं. आपण केवढं मोठं काम करून ठेवलंय हे माणसाला अशा वेळी कळतं.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपार
आत्या घरी आली. तिला ऐकवावं म्हणून फायनल-३ उघडली.

सपाट रेघ. आवाज नाही. खाली सूचना, आवाजाच्या फायली सापडत नाहीत.

आत्याला सांगितलं, स्पीकर तापलाय.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
कळलं. फायनल-३ मध्ये आवाज नव्हताच. कुठला तुकडा कुठं जोडायचा, एवढीच टिपणं त्यात होती. आवाज त्या डेटा फोल्डरमध्ये होता. त्या शेकडो बारीक तुकड्यांत.

जेवण गेलं नाही. मेघाला सांगितलं, ॲसिडिटी.

९ फेब्रुवारी, सोमवार
फाईलच्या नावापुढं एमपीथ्री लिहून पाहिलं. वाजली नाही. वेव्ह लिहिलं. नाही. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम उतरवला. त्यानं संस्कृतीच्या बालवाडीचे फोटो आणि विजेची जुनी बिलं आणून दिली. आत्या नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
रजा टाकली. डिस्क घेऊन सूतगिरणी चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, पुसल्यावर मशीनवर काही नवीन टाकलं का. टाकलं होतं. ते परत आणणारे प्रोग्राम. एक नाही, चार. तो म्हणाला, अहो काका, खड्ड्यातलं शोधायला खड्ड्यावरच मुरूम टाकला तुम्ही.

देवा. माझ्या हातून गेलं. आत्याचा आवाज जगात कुठंच नाही. तिच्या गळ्यात नाही आणि माझ्याकडं नाही. घरी आलो तर ती ओट्याशी बसून लसूण सोलत होती. मला बघून हसली आणि परत हातानं जातं फिरवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मेघाला खरं सांगितलं. रडलो, हे इथं लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

ती उठून आत गेली. फोन आणून समोर धरला. रेकॉर्डिंगच्या त्या शनिवारी गव्हाच्या डब्यामागं तिनं तो उभा करून ठेवला होता. म्हणाली, शिकायचं होतं मला, तुम्ही बसू देत नव्हते.

वाजला! आत्या आहे! जातं आहे, आत्या आहे, सगळे देव आहेत!

मीही आहे. जरा जास्तच आहे. फोन माझ्याच बाजूला होता म्हणून तसं वाटत असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार, हळद
मंगल कार्यालयाच्या स्पीकरला फोन जुळला नाही. मेघानं तो पितळी पातेल्यात ठेवला. हंड्यात बोलल्यासारखा घुमला, पण ऐकू आला. बायका जात्याभोवती बसल्या. खुंट्यावर मेघाचा हात, त्यावर आत्याचा.

पहिला आवाज माझा. आत्या, तोंड इकडं कर. बायका फिसकन हसल्या. मग आत्या सुरू झाली. एकेक देव आला, मधूनमधून मी आलो. व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे मधीमधी कोण कोकलतंय? मी पाणी प्यायला उठणार होतो, जमलं नाही.

मग आमची माणसं. पणजा आला, आजा आला, आजी आली. आत्याचा आवाज चढला आणि त्यावर मी. 'लाल झालं! परत घे!' मग पुढचं नाव.

मेघानं फोन थांबवला. जातंही थांबलं. आजा-आजीनंतर कोण, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. माझे बाबा. आत्याचा पाठचा भाऊ. तिचा आवाज तिथं का चढला असेल, हे मला त्या क्षणी कळलं. नात लग्नाला उभी आणि तिच्या आजोबांना बोलावणंच गेलेलं नाही.

आत्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. मी सांगायला लागलो की माईक फार जवळ असला की लेव्हल वर जाते आणि... आत्यानं हळदीचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग तेच बोट माझ्याकडं केलं.

नाव मी घेतलं. सखाराम. चालीत बसलं नाही आणि मधेच आवाज फाटला. परत घे असं कोणी म्हणालं नाही.

आत्यानं जात्यात मूठभर हळकुंडं टाकली. मी गप्प बसलो.