बाईंनी जप्त केलेला गेम

बाई, आज ऑपरेशनला नेताना एक पोर माझं बोट सोडेना. मी आता जव्हारलाच नर्स आहे. त्याच्या हातात टॅब दिला, त्यातली गाडी पळवता पळवता तो आत गेला, आणि मला तुमची पिशवी आठवली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे कागद कुठे धाडायचे तेही ठाऊक नाही, तरी लिहितेय.

मोखाड्याच्या आश्रमशाळेत तुम्ही आमच्या अधीक्षिका. घाटावरून आलेल्या, कडक. माझे आईबाप सूर्यमाळचा पाडा सोडून वीटभट्टीवर गेलेले. त्यांनी होकार कळवला होता, पण जव्हारच्या याच दवाखान्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन होताना सोबत तुम्ही एकट्याच. डॉक्टर तेवढ्या दिवसापुरते आलेले. मी आत गेले नाही, तर पुन्हा नंबर कधी लागेल देव जाणे. बाकावर बसलेय मी, दारातून मास्क लावलेले डॉक्टर येतात आणि मी किंचाळते. तुम्ही समजूत घालता, "घाबरतेस काय? तुमच्या बोहाड्यातलं सोंगच समज!" बाई, भलं करायला गेलात आणि आगीत तेल ओतलंत. बोहाड्याच्या उत्सवात देवाचा मुखवटा चढला की आतला माणूस आमच्यासाठी माणूस राहत नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? मी बाकाखालीच शिरले. "मला भ्या वाटतं बाई! ता सोंग मला नेल!"

मग तुम्ही पिशवीतून ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम काढलात. मोठ्या मुलींकडून जप्त करून, "अभ्यासाला आग लावा!" म्हणत सगळ्या वसतिगृहाला झापलं होतंत, तोच. तुम्हाला तो धड खेळता येईना, म्हणून दाखवायला मीच बाहेर आले. डॉक्टरही उकिडवे बसले. "मला दे की एक डाव." ठोकळे भराभर साचले आणि ते हरले. "हात्तिच्या!" मास्कच्या आतून आवाज आला. मी खुदकन हसले. सोंगात आलेला देव ठोकळ्यांना कसा हरेल? हा माणूसच होता. डोळे मिटेपर्यंत गेम माझ्या हातात होता. त्या दिवसाचे आभार मानायचे राहूनच गेले बाई, फार आभार.

आणि एक कधी बोलले नाही. शुद्धीवर येताना मी तुम्हाला पाहिलं होतं. खाटेजवळ स्टुलावर बसून, ओठ घट्ट मिटून, तुम्ही गेमची बटणं दाबत होता. आवाज येत नव्हता. स्क्रीन कोरी होती, गेम बंदच होता. मी पाहिलं हे तुम्हाला कळू नये म्हणून मी परत डोळे मिटून घेतले.

आज ते पोर झोपल्यावर मी टॅब बाहेर आणला आणि त्याच्या आईच्या हातात दिला.

"मला नाय येत यातला काय," ती म्हणाली.

"नाही आलं तरी चालतं," मी म्हटलं.