मैलाच्या दगडावर काय लिहिलं होतं

दादा, परवा शाहिरांच्या घरी जाऊन आले. हर्सूलला राहतात आता, धाकट्या मुलाकडे. ज्या माणसाच्या प्रत्येक कार्यक्रमाला तुम्ही हयातभर उभ्यानं हजेरी लावलीत, त्याचं घर तुम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. "घरी जायचं नसतं बाई, घरी ते भाकरीला बसलेले असतील," असं तुम्ही म्हणायचात. मी गेले. तुमच्यावरचा राग घेऊन गेले आणि तो तसाच घेऊन परत आले, म्हणून हे लिहायला बसले आहे. फोटोसमोर उभं राहून बोलायला मला जमत नाही. फोटोत तुम्ही लग्नातला कोट घालून बसला आहात आणि त्या कोटातल्या माणसाशी भांडता येत नाही.

राग आहे तो त्या गाण्यापायी. माझ्या जन्माच्या आधी, वेरूळजवळच्या आपल्या गावी तुम्ही ते पहिल्यांदा ऐकलंत. एक पेटी, एक ढोलकी, आणि शाहीर म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा. सगळा वेळ तो बाबासाहेबांवर गायला आणि शेवटी त्यानं हे एक गाणं घेतलं, ज्यात कुणाचंच नाव नव्हतं. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या एका बाईला मुकादम मैलाचा दगड रंगवायला लावतो. तिला अक्षर येत नाही. शाळेतून येणाऱ्या लेकीला ती विचारते, "मैलाचा दगड रंगविते माय, त्यावर लिहिलंय काय गं काय?" आणि अंतऱ्यात लेक तो दगड वाचून आईला उत्तर देते. तुम्ही सांगायचात की त्या उत्तराला सगळ्या बायांनी पदर डोळ्याला लावला. आमची आजी, जिनं वेरूळच्या रस्त्यावर खरोखरच खडी फोडली होती, ती तर गर्दीत उठून उभी राहिली. आपल्याला मुलगी झाली तर ती शिकणार, हे तुम्ही तिथंच ठरवलंत. घरी कुणीही पाहुणा आला की चहाच्या आत तुम्ही हे त्याला ऐकवायचात, आणि मी आतल्या खोलीत अवघडून बसायचे.

लेक काय म्हणाली, ते मात्र तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

सुट्टीच्या दिवशी आईला तुम्ही स्वयंपाकघरातून हाकलायचात. मटण तुम्हीच करायचात. तव्यावर खोबरं भाजताना तो धूर सगळ्या घरात भरायचा आणि त्या धुरात तुमचा आवाज. मी दहाएक वर्षांची, ओट्याला टेकून उभी आहे. तुम्ही धृपद म्हणता, उलथन्यानं तव्याच्या कडेवर ठेका धरता, पुन्हा धृपद म्हणता आणि थांबता. "पुढं?" मी विचारते. "पुढचं शाहिरांच्या तोंडून ऐकायचं. माझ्या भसाड्या नरड्यातून ऐकशील तर गाणं नासंल." मी पाय आपटते, आई बाहेरून म्हणते, सांगून टाका की हो लेकराला. तुम्ही हसून मान हलवता. "जयंतीला घेतील. चिठ्ठी देऊ आपण." मटण चांगलं झालेलं असायचं. पण माझं अर्धं लक्ष त्या न सांगितलेल्या ओळीत असायचं, आणि तुम्हाला त्याचीच गंमत वाटत होती.

चिठ्ठी मी लिहायची. माझं अक्षर वळणदार म्हणून तो मान मला होता. शाहिरांना मानाचा जय भीम, मैलाचा दगड हे गीत घ्यावं ही विनंती. कार्यक्रम सुरू असताना स्टेजच्या कडेनं जाऊन तुम्ही ती द्यायचात, चपला काढून. शाहीर वाचायचे, हसायचे, खिशात ठेवायचे आणि माइकवर म्हणायचे, "घेऊ, घेऊ, शेवटी घेऊ." शेवटी कधी कमिटीच्या अध्यक्षांचं भाषण लांबायचं, कधी वीज जायची, कधी दहा वाजले म्हणून पोलीस माइक बंद करायला लावायचे. मग घरी चालत येताना तुम्ही म्हणायचात, "पुढच्या साली." त्यात तक्रारीचा सूरही नसायचा. तुमची ही सोशिकता मला तेव्हा फार मोठी वाटायची. आता वाटते ती वेगळीच.

कॅसेटी आल्या तेव्हा तुम्हाला वाटलं, आता गाणं कायमचं झालं. शाहिरांची पहिली कॅसेट तुम्ही दुकान उघडायच्या आधी जाऊन आणलीत. कव्हरवर ते चमचमता कोट घालून उभे. दोन्ही बाजू आपण ऐकल्या, गाणं नव्हतं. नंतर कळलं की कॅसेटवाल्यानं धृपदात बाबासाहेबांचं नाव नसलेलं गाणं घ्यायला नकार दिला होता, ते विकलं जात नाही म्हणून. पुढं पेटी गेली आणि कीबोर्ड आला, मागं दोन पोरी नाचायला आल्या. मग लग्नाच्या हळदीची गाणी, मग निवडणुकीच्या स्टेजवर उमेदवाराचं कौतुक. ज्या पुढाऱ्यावर ते आधी टोमणे मारत गायचे, त्याच्याच गळ्यात शाहिरांनी गाण्यातून हार घातला. वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये तुमच्या शिफ्टची माणसं तुम्हाला त्यावरून छळत होती. एकेक करून सगळ्यांनी शाहिरांचा नाद सोडला. तुम्ही कीबोर्डच्या कार्यक्रमाला गेलात, हळदीच्या गेलात, त्या पुढाऱ्याच्या सभेलाही गेलात, मागं उभं राहून फक्त गाणं ऐकलंत आणि भाषण सुरू झाल्यावर निघून आलात.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं कळत होतं. "विकला गेला तुमचा शाहीर," मी म्हणाले. तुम्ही मोरीत साबणानं हातावरचं काळं ऑइल काढत होता. आवाज चढवला नाहीत. "मी कंपनीत काय करतो? पार्ट काढतो. गेल्या साली एका गाडीचा काढत होतो, औंदा दुसरीचा. ड्रॉइंग बदललं, सायेब बदलला, हात माझेच हायेत ना? मग त्यांनीच का साधू व्हायचं? त्यांच्याबी घरी चूल पेटती." मग हात पुसत, माझ्याकडं न बघता, "आन् त्यांना पुन्यांदा अरे-तुरे करायचं नाय." मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही शाईचं पेन आणलंत, आणि ते देताना म्हणालात, चिठ्ठी आता ह्यानं लिही. त्या पेनानं मी जिल्हा परिषद शाळेतल्या कितीतरी मुलींच्या वह्या तपासल्या. चिठ्ठ्याही लिहिल्या.

मग तुमची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घाटी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल हळूहळू. आलं नाही. मला त्या दिवसांत अचानक भान आलं की अंतरा तुमच्याकडे आहे आणि मी कधी तो हिसकावून घेतला नाही. मी खाटेजवळ बसून धृपद म्हणत होते. तुम्ही डोळे माझ्यावर लावून पुढची चाल गुणगुणायचात, पूर्ण अंतरा, एकही स्वर चुकत नव्हता, आणि शब्द एक नाही. नुसतं ऊं ऊं. माझा हात तुम्ही इतका घट्ट धरायचात की शब्द आता तुमच्याबरोबरच जाणार हे तुम्हालाही कळत होतं, हे मला कळत होतं. आजी तर केव्हाच गेलेली. गावात ज्या म्हाताऱ्या उरल्या होत्या त्यांना आठवत होतं ते एवढंच, की लई रडलो बाई त्या गाण्याला.

तुमच्या माघारी मी चिठ्ठी देणं सोडलं नाही. सगळे म्हणाले, वडिलांची आठवण म्हणून करते. तेवढं सोपं नव्हतं ते. मला ते उत्तर हवं होतं. मी मुलींना कविता शिकवते, रिकाम्या जागा भरायला लावते, आणि माझ्याच घरच्या गाण्यातली जागा रिकामी होती. ज्या गाण्यानं मला शाळेत घातलं, त्यातल्या मुलीनं शिकून काय वाचलं, एवढं मला कळायला नको? शाहिरांच्या जुन्या गाण्याचे तुकडे करून डीजेवाल्यांनी गल्लोगल्ली वाजवले, तेही मी कान दाबून सोसलं. या जयंतीला ते स्टेजवर आले ते दोघांनी धरून आणल्यावर. माइक हातात होता, पण आवाज त्यांचा तरुणपणचा येत होता, कॅसेटमधला, आणि ओठ मागं राहत होते. मी चपला काढून कडेनं गेले. निवेदन करणाऱ्या पोरानं चिठ्ठी घेतली, वाचली आणि परत दिली. "मावशी, फर्माईश बंद केली. पेनड्राइव्हमध्ये जेवढं आहे तेवढंच वाजतं." पोरगा उद्धट नव्हता. खरं तेच सांगत होता.

म्हणून परवा घरी गेले. शहराचं नाव बदलल्यापासून रस्त्यावरच्या पाट्या नव्या झाल्या आहेत, हिरव्या, चकचकीत. मैलाचा दगड एकही दिसला नाही. शाहिरांच्या सुनेनं खुर्ची दिली, पाणी दिलं. कपाटावर स्मृतिचिन्हांची चळत होती आणि सगळ्यात वर टीव्हीचा रिमोट ठेवला होता. शाहीर बनियनवर बसले होते. इतकं साधं, गोड हसले की माझा अर्धा राग तिथंच विरघळला असता. मी तुमच्याबद्दल सांगितलं, चपला काढून चिठ्ठी द्यायचात ते. "लई चिठ्ठ्या यायच्या तवा," ते म्हणाले. तुम्ही त्यांना आठवत नाही, दादा. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी तुमचं तोंड पाहून ठेवलं नव्हतं. हे तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं, पण कुणाला तरी सांगायला हवंच.

मग मी धृपद म्हटलं. माझा आवाज तुमच्यासारखाच भसाडा. शाहीर खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरू लागले, अगदी तुमच्या उलथन्याचा ठेका. मी थांबले तर म्हणाले, "झकास हाय. कुणाचं हाय हे?"

"तुमचंच आहे."

"व्हय?" ते सुनेकडं बघून हसले. "बघ, माझं म्हनं." मग माझ्याकडं वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी उत्सुकता होती, लहान मुलाला असते तशी. "मंग? पुढं काय म्हनती लेक?"

तिथून उठायला हवं होतं. तेच विचारायला आले होते म्हणायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. पण ते तोंड उघडून वाट बघत बसले होते, आणि तुम्ही गुणगुणलेली चाल माझ्या कानात तयार होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे चुना, पूस गं पाय, गाव आता जवळच हाय." यमक इतकं सहज जुळलं की मीच दचकले. शाहिरांनी मान डोलावली. "व्हय व्हय. आता आठवलं. मीच लिवलं व्हतं." आणि ते गायला लागले, दादा. पेनड्राइव्ह नाही, कीबोर्ड नाही. फुटलेल्या, कापऱ्या आवाजात पूर्ण गाणं, धृपद आणि माझी खोटी ओळ, पुन्हा धृपद आणि पुन्हा माझी ओळ. सून दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. नातवानं मोबाइलवर ते टिपून घेतलं. आता तेच राहील. खरी ओळ त्यांच्या मनाच्या एखाद्या कोपऱ्यात अजून कुठं असलीच, तर तिच्यावर मी माझ्या हातानं चुना फासून आले.

तुम्ही म्हणाला होतात, पुढचं शाहिरांच्या तोंडून ऐकायचं. ऐकलं. तुम्ही उलथनं खाली ठेवून एकदा, भसाड्या आवाजात का होईना, म्हणून दाखवलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी कुणाला शिकवलं असतं, वर्गात म्हटलं असतं. तुमची निष्ठा तुमच्यापाशी. माझ्या वाट्याला तिच्यातून काय आलं, ते तुम्हीच बघा.

हे पत्र कुठं टाकणार? पेन तुमचंच आहे, शाई गळते आता. एक सांगायचं राहिलं. हर्सूलहून येताना रिक्षात मी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि कॅन्टोन्मेंटपर्यंत येईतो मलाही ती खरी वाटायला लागली होती. ती खरी नाही, दादा. गाव जवळबिवळ काही आलेलं नाही. दगडावर काय लिहिलं होतं, ते तुमच्या लेकीला वाचता आलं नाही.