आधी मी, मग त्यांचा कागद

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: सौ. सरस्वतीबाई भ्र. शालिग्राम मापारी, वय अंदाजे अडुसष्ट, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा.

मी सरस्वतीबाई हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेले नाही. मी सांगत आहे आणि वकीलसाहेब लिहून घेत आहेत. जिथे मी "असंच राहू द्या" म्हटले, तिथे त्यांनी माझेच शब्द ठेवले आहेत.

पहिल्याच ओळीला आमचे दोघांचे अडले. वकीलसाहेबांनी माझ्या पतीच्या नावामागे 'कै.' लिहिले होते. मी ते काढायला लावले.

ते म्हणाले, "बाई, सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो माणूस कायदा मेलेला धरतो."

मी म्हटले, "धरू द्या कायद्याले. मी नाही धरला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझे पती शालिग्राम मापारी हे जानेवारी २०१८ मध्ये मुंबईहून लक्षद्वीपकडे निघालेल्या सहलीच्या जहाजावरून, माझ्या शेजारच्या खुर्चीतून उठून गेले, ते परत आले नाहीत. जहाज त्या जागी गोल गोल फिरले, होड्या सोडल्या, वरून विमान गेले. काही मिळाले नाही. तेव्हापासून प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे त्यांना कुठे ना कुठे पोचवले आहे. माझ्या मिळकतीची वाटणी करताना मला त्या समजुतींचीही वाटणी करावी लागत आहे, म्हणून हा कागद जरा लांबला आहे.

कलम १. सुलतानपूर येथील राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा राजकुमार याचे. ओट्याजवळच्या कडुनिंबाची मुळे भिंतीत शिरली आहेत असे तो म्हणतो. भिंत दुरुस्त करावी, झाड राहू द्यावे.

कलम २. माझ्या नावे असलेला शेताचा तुकडा, ज्याची चतुःसीमा सोबत जोडली आहे, तो माझी नात अपेक्षा हिचा. तिने तो करावा, मक्त्याने द्यावा किंवा नुसता जाऊन पाहावा. हिवाळ्यात त्या शेतात धुके उतरते तेव्हा बांध दिसत नाहीत, नुसती एक पांढरी पसरण दिसते. जहाजावरून आल्यापासून मी तिथे एकटी उभी राहत नाही. पाय हलल्यासारखे वाटतात.

कलम ३. मेहकर रस्त्यावरचे मोटार वाइंडिंगचे, म्हणजे विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे दुकान माझे पती आणि जहांगीरभाई यांनी मिळून काढले. माझ्या पतीच्या हिश्शाची अवजारे त्यांनी दुकान काढले तेव्हाच, सर्वांसमोर माझ्या नावे केली होती. ती म्हणजे वाइंडिंगचे मशीन, विहिरीतून मोटार ओढायची तिपाई आणि चेन पुली. ही सर्व मी जहांगीरभाईंची मुलगी मदिहा हिला देते. ती माझ्या पतीच्या हाताखाली शिकली आहे आणि आज दुकान तीच चालवते. तिच्या लग्नानंतर सासरच्यांनी ती अवजारे मागितली तर देऊ नयेत. ती तिची आहेत, तिच्या घराची नाहीत.

जहांगीरभाईंचे मत असे की माझे पती बुडालेले नाहीत. हे मत नुसत्या प्रेमाचे नाही, त्याला कारण आहे. आमच्या भागातली निम्मी माणसे माझ्या पतीच्या हाताखाली पोहायला शिकली. पाठीला वाळका भोपळा बांधून ते पोरांना विहिरीत सोडत आणि स्वतः तळाशी जाऊन मूठभर गाळ वर आणत. जहांगीरभाई दर ईदला शीरखुर्मा घेऊन येतात आणि ओट्यावर बसून तेच सांगतात:

"भाभी, तो बुडनारा मानूस नाही. कोन्या तरी मच्छीवाल्यानं उचलला असन. डोक्याले मार लागला असन, नाव-गाव इसरला असन. तिकडं बेटावर नारळाच्या झाडाखाली बसून लोकाइच्या मोटारी भरून राह्यला असन तो."

मग ते त्या बेटाचे वर्णन करतात. पांढरी वाळू, हिरवे पाणी, पत्र्याचे छोटे दुकान. तिथली भाषा माझ्या पतीला येत नाही, पण बिघडलेल्या मोटारीला कुठे भाषा लागते? जहांगीरभाई लोणारच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत, तरी त्या दुकानाच्या दाराला कोणता रंग आहे हेही सांगतात. मी त्यांना कधी अडवले नाही. ते उठून गेल्यावर मलाही थोडा वेळ ते दुकान दिसत राहते.

कलम ४. हे कलम राजकुमारसाठी आहे. घर दिले ते कलम एकमध्ये, पण त्याला द्यायची मुख्य गोष्ट ही आहे. त्याने ती शेवटपर्यंत वाचावी.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून राजकुमारने जहाजाची तिकिटे काढली. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बंदरावर सोडायला आला तेव्हा त्याने वडिलांचा थरथरणारा हात धरला आणि म्हणाला, "बाबा, आता दुकान बस करा. हात कापून राह्यले तुमचे. विजेचं काम आहे." ते वळले. आमच्या पिशव्या उचलून पुढे चालू लागले. राजकुमारच्या मनात ते पाठमोरे चालणे रुतून बसले आहे. वडिलांनी त्या बोलण्याने उडी घेतली असे तो मानतो. त्याने मला हे कधी सांगितलेले नाही. पण जेवताना पाण्याचा पेला भरून तो त्याच्याकडे किती वेळ पाहत बसतो, ते मी पाहिले आहे.

राजकुमार, तू तिथे नव्हतास. मी होते. तर ऐक.

जहाजावर तुझे बाबा पहिल्या दिवशी बुजले होते. सगळीकडे गालिचे, आरसे, आणि चप्पल काढायची की नाही ते कळेना. मग त्यांना भिंतीतून येणारा इंजिनाचा आवाज सापडला. कान लावून उभे राहिले. येणारे-जाणारे हसत होते. मला हाक मारून म्हणाले, "अवं, ऐक तर. एवढं मोठं धूड, पन घुमते कसं पाह्य, जात्यावानी." तिथून त्यांचा बुजरेपणा गेला. जेवायला गेलो तर त्यांनी खीर दोनदा मागून घेतली. वाढणाऱ्या मुलाला त्याचे गाव विचारले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही मागच्या बाजूला सावलीत बसलो होतो. वरच्या मजल्यावर गाणी लागली होती, तिकडे सगळी गर्दी होती. आमच्या बाजूला कोणी नव्हते. पाणी इतके शांत होते की जहाज चालते आहे की पाणीच मागे सरकते आहे, ते कळत नव्हते. मी म्हटले, "राज्या बोलला ते मनाले लावून घेऊ नका."

ते म्हणाले, "काऊन लावून घेऊ? खरंच बोलला तो. मले सांगायले जहांगीर भ्याला, तू भ्याली. माह्या पोरानं सांगितलं. आता मदिहा करते सारं. मी खुर्ची टाकून बसन अन् तिले तरास देत जाईन."

आणि हसले. राजकुमार, ते हसले. तुझे नाव घेऊन हसले. हे मी पोलिसांच्या जबाबातही सांगितले होते, पण तुझ्यासमोर कधी नाही. कारण तू विषय निघाला की उठून जातोस.

मग वारा गार आला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या पायांवर टाकला. मला डुलकी लागली. डुलकीत मी आपल्या विहिरीच्या काठावर बसले होते, आणि विहिरीला दुसरा काठच नव्हता. आतून त्यांचा आवाज आला, "आलोच." मी डोळे उघडले तर खुर्ची रिकामी होती. ते 'आलोच' ते जागेपणी मला म्हणाले की मी झोपेत ऐकले, हे मला आजही सांगता येत नाही. पोलिसांनी ते लिहून घेतले नाही. स्वप्नातला शब्द जबाबात चालत नाही म्हणाले.

पोलिसांचे आणि जहाजवाल्यांचे मत अपघाताचे आहे. कठड्यावरून वाकून पाहताना तोल गेला असावा. त्या बाजूच्या कॅमेऱ्याबद्दल विचारले तर एकाने बंद होता म्हटले, दुसऱ्याने त्याचे तोंड दुसरीकडे होते म्हटले. मी भांडले नाही. माझे मत त्या एका शब्दाएवढेच आहे. 'आलोच' म्हणून गेलेला माणूस येतो. उशीर होतो, पण येतो.

म्हणून राजकुमार, तुझे मत मी तुझ्याकडून या कलमाने काढून घेते. ते तुझ्याकडे ठेवण्याचा तुला हक्क नाही. दुसरे कोणतेही मत घे.

कलम ५. माझे धाकटे दीर भगवानराव मापारी, राहणार सुलतानपूर, यांना मी माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. विसरून नव्हे, ठरवून देत नाही. कारण असे की माझे पती नाहीसे झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी गावभर सांगितले, की आम्हा नवरा-बायकोचे जहाजावर भांडण झाले, मी तोडून बोलले, आणि दादा कंटाळून पळाले, साधू झाले. त्र्यंबकेश्वरला जाऊन एका दाढीवाल्याचा फोटोही काढून आणला आणि पारावर दाखवला. फोटोत अर्धे तोंड कमंडलूच्या आड होते. त्यानंतर संक्रांतीला बायका मला वाण देताना आधी एकमेकींकडे पाहत आणि मग हात पुढे करत. जहाजावर भांडण झाले नव्हते. चाळीस वर्षांत जी भांडणे झाली ती जमिनीवर झाली आणि सगळी मिटली. हे इथे नोंदवून ठेवते.

कलम ६. माझ्या पतीच्या नावावरचे मोठे शेत आणि बँकेतली ठेव ही माझी नाहीत, म्हणून त्यांची वाटणी मी करत नाही. त्यासाठी त्यांना मृत ठरवण्याचा अर्ज कोर्टात करावा लागतो. राजकुमारने तो अर्ज दोनदा तयार केला आणि मी दोनदा सही नाकारली. तो माझ्यावर रागावला नाही, कागद घडी करून खिशात ठेवला. यापुढे असे करावे: आधी मी जाईन, मग त्यांचा कागद जाईल. मी गेल्यावर अर्ज करायला माझी पूर्ण संमती आहे. पण त्याआधी मला हिरवे लुगडे नेसवावे, मळवट भरावा, ओटी भरावी. कोणी विचारले तर हे कलम दाखवावे. गळ्यातले काळे मणी माझ्याबरोबर जाऊ द्यावेत. बाकीचे सोने अपेक्षाचे.

कधी कधी पहाटे मला वाटते की लोणारच्या सरोवराकडून कोणी चालत येते आहे. केस ओले, पायाला पांढरा खार. दारात उभे राहून अंघोळीला पाणी मागते. मी चूल पेटवायला उठते आणि उठताच उजाडलेले असते. हे मत नाही आणि मिळकतही नाही. कोणाला द्यायचे नाही, फक्त सांगितले.

पुरवणी, सही करण्यापूर्वी लिहिलेली.

वकीलसाहेब म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच साक्षीदार घ्यावा. आमच्या घरात काहीच न मिळणारा माणूस एकच होता. म्हणून भगवानरावांना बोलावले. डॉक्टरीणबाई आधीच आल्या होत्या. भगवानराव आले, टोपी काढून खुर्चीच्या टोकावर बसले. मी म्हटले, न ऐकता सही करू नका. वाचून दाखवा यांना. वकीलसाहेबांनी सगळे वाचले. पाचवे कलम संपले तरी भगवानराव खाली पाहत होते. सहावे संपल्यावर म्हणाले,

"वहिनी, त्र्यंबकचा तो मानूस दादा नव्हता. जवळ जाऊन पाह्यलं होतं मी त्याले. मले माहीत होतं."

मी म्हटले, "मग साऱ्या गावात काऊन बोलले तसं?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "पळून गेलेला मानूस जित्ता राह्यते, वहिनी. बुडलेला नाही राहत. अन् भांडन झालं म्हटल्याबगर दादा घर सोडून पळाला हे कोनाले पटलं असतं? तुमच्यावर पाप घातलं मी. पन त्याले जित्ता ठेवला."

मी विचारले, "आता काय वाटते तुम्हाले? कुठं गेले असतील?"

ते म्हणाले, "मले नाही माहीत."

सात वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येकाला माहीत होते. पोलिसांना, जहाजवाल्यांना, जहांगीरभाईंना, माझ्या मुलाला. माहीत नाही म्हणणारा हा पहिला माणूस. त्यांचे डोळे अगदी त्यांच्या दादासारखे आहेत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते.

"मलेही नाही माहीत, भाऊजी," मी म्हटले. हे मीही पहिल्यांदाच म्हटले. मग आम्ही दोघे रडलो. डॉक्टरीणबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

वकीलसाहेबांनी विचारले, पाचवे कलम खोडायचे का? मी नको म्हटले. त्यातले सगळे खरे आहे आणि हेही खरे आहे. दोन्ही राहू द्यावे. भगवानरावांना अजूनही मी काही देत नाही. दिले तर त्यांना साक्षीदार म्हणून राहता येणार नाही, खुर्चीवरून उठून जावे लागेल. ते मला नको आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे, माझ्या मनाविरुद्ध त्यात एक अक्षर नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे, आणि ते दोघे माझ्या देखत करत आहेत.

ठिकाण: सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) सरस्वतीबाई भ्र. शालिग्राम मापारी

साक्षीदार:
१. (सही) डॉ. पुष्पांजली नागरे, लोणार
२. (सही) भगवानराव मापारी, सुलतानपूर, लिहून ठेवणारीचे दीर