कोनाड्यातलं मडकं

लेस्टर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे थंडी पडायला लागलीय. फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून मेलवर पत्र लिहितेय. आई शेजारी असेल तर आत्ता वाचू नकोस.

आमचं घर तुला माहीतच आहे. पडक्या मध्ययुगीन चर्चभोवती कुणा हौशी माणसाने बांधलेलं. जिन्याखाली चर्चची दगडी भिंत अजून उभी आहे. बाबा आमच्याकडे होते तेव्हा तिला 'माझी शेजारीण' म्हणायचे. ते गेल्यावर अस्थींचा प्रश्न आला. इथे दळून राखच देतात. घरात ठेवायच्या नाहीत, झाडाला टांगाव्यात तर शेजारी विचारणार. म्हणून मातीच्या मडक्यात घालून त्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवल्या. भिंत चर्चची, म्हणजे घर नव्हे! तुझा मेहुणा अंशुमन हसला होता. हसू दे.

परवा गवंडी आला, त्या भिंतीचे सांधे भरायला. जुन्या पद्धतीच्या चुन्यात राख मिसळतात, म्हणून त्याने आधीच लाकडाची राख मागितली होती. अंशुमनने बादली भरून दाराशी ठेवली, 'राख काढून ठेवलीय' एवढाच त्याला मेसेज केला, आणि आम्ही दोघं ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येऊन बघते तर बादली तशीच भरलेली. मडकं धुऊन पालथं घातलेलं.

गवंड्याला फोन केला, तर म्हणतो, "लव्हली स्टफ, सो फाइन! सगळी वापरली." त्या भल्या माणसाला काय सांगणार? फोन ठेवला आणि जिन्यात बसून किंचाळले. अजून खरं वाटत नाही. बाबा भिंतीत आहेत, दादा! घर संरक्षित, परवानगीशिवाय खरवडता येत नाही. आणि खरवडून तरी चुना कुठला नि बाबा कुठले?

तिकडे आई रामकुंडावर जायची वाट बघतेय. अंशुमन म्हणाला, "बादलीतली राख भर मडक्यात, कुणाला कळणार आहे?" मी भरलीही. मग माझीच मला शिसारी आली. बागेत ओतून टाकली.

आईला उद्या मीच फोन करून सांगणार आहे. तू तिच्याजवळ बसून राहा. ती मला वाट्टेल ते बोलेल, बोलू दे.

मग तिचा व्हिसा काढ आणि तिला घेऊन ये. येताना रामकुंडाचं पाणी आण.

हे घर आता कधीच न विकू शकणारी,
तुझी शाल्मली