ओढ्याकाठचा मालक

मार्गशीर्ष शु. ३, शके १८३४. नांदूरघाट.
आज मी मालक झालो! ओढ्याकाठची जमीन, शिंदीच्या झाडांसकट, निम्म्या भावात. विकणारा धुळाजी इतक्या घाईत होता की बिचाऱ्याची कीव आली. टपालखान्यातली चाकरी संपल्यापासून आम्ही मेव्हण्याच्या, विठ्ठलरावांच्या, पडवीत पडून आहोत. बायकोला म्हणालो, विमल, यंदाची संक्रांत आपल्या घरात. ती म्हणाली, यंदाची म्हणजे कोणत्या सालची? बायकांना व्यवहार कळत नाही.

शु. ६.
प्लॅन तयार. झाडं तोडायची, तीच खोडं छपराला. लाकूड फुकट!

शु. ७. दुपार.
एकच घाव घातला, तोच अबकारीचा, म्हणजे दारूखात्याचा, शिपाई हजर. जमीन तुमची, पण शिंदीची झाडं दारूची, म्हणून सरकारची, तोडली तर दंड. मी विचारलं, मग सावली कोणाची? तो म्हणाला, इचारून सांगतो.
तसाच धुळाजीकडे गेलो. तो म्हणाला, तुमी शिकल्याले, मला वाटलं तुमाला ठावं आसंल. लई संताप आला. दाखवला नाही. मालकाला शोभत नाही.

वद्य १.
प्लॅन बदलला. घर झाडांच्या मधून काढायचं. विठ्ठलरावांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, दाजी, हे घर हाय का जिलबी?

वद्य ९. पहाटे.
माझ्या झाडावर माणूस! सटवा नाव. खाच पाडून मडकं बांधत होता. खाली उतर म्हणालो. वरूनच म्हणाला, गुत्तेदार आप्पारावांनी शिंदीचा ठेका घेतलाय, तुमी बाजूला सरका, मडकं पडलं तर डोस्कं फुटंल. सरकलो. तेवढं शहाणपण मला आहे.

पौष शु. २.
पिणारे थेट झाडाखालीच येऊ लागले. घरासाठी नुकताच बांधलेला माझा चौथरा त्यांना बसायला बरा पडतो. नोटीस लावली : परक्यांना मनाई. संध्याकाळी तिच्यावर दोन पटके वाळत होते.

पौष वद्य ४.
संक्रांत पडवीतच गेली. विमलने विषय काढला नाही, म्हणून जास्तच राग आला. आप्पारावांना खडसावायला गेलो. ते म्हणाले, मालकाचा मान म्हणून रोज एक मडकं तुमचं. मी थेंबाला शिवत नाही, हे गावाला माहीत आहे. म्हणजे होतं. आता रस्त्यात विचारतात, भगवानराव, आज कशी उतरली?

माघ शु. ५.
खोली उभी राहिली. एकच, पण माझी. विमलला दाखवायला नेलं. उंबऱ्यावर दोघे आडवे. मी कडक बोलणारच होतो, पण घसा बसला होता. विमल म्हणाली, उठा रे, घरी लेकरंबाळं न्हाईत का? दोघे उठले, आक्का म्हणून तिच्या पाया पडले. मला कोणी पाहिलं नाही.

माघ वद्य १.
ठरलं. असल्या जागी राहणं माझ्या इभ्रतीला शोभत नाही. विकून टाकणार. झाडांचं सांगितलं तर गिऱ्हाईक पळतं, न सांगावं तर पाप. विमलला निर्णय सांगितला.  ती म्हणाली, पाच वर्षं भावजयीच्या चुलीवर फुंकर घातली, आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. 

फाल्गुन शु. ३.
विमल ओढ्याकाठच्या खोलीत राहायला निघाली. ट्रंक सटवाच्या डोक्यावर. मला म्हणाली, येता का? मी म्हणालो, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक तिथंच बसल्याले हायेत, इचारते.
संध्याकाळी लांबून पाहून आलो. छपरातून धूर निघत होता. पिणारे ओढ्यापलीकडे सरकून बसले होते, एक जण तर तिचं अंगण झाडत होता! जवळ गेलो नाही. माघार तिने घ्यायला हवी. दोन दिवसांत येईल.

फाल्गुन शु. ७.
आली नाही.
जेवताना विठ्ठलरावांनी अगदी शांतपणे विचारलं, दाजी, बहीण तर आपल्या घरी गेली, आता तुमी हितं कावून? विचार करून सांगतो म्हणालो. त्यांच्या बायकोने, केसरवहिनींनी, माझ्या ताटात टाकायला उचललेली भाकरी परत टोपल्यात ठेवली.